सतरा नंबरचा अँकर

दिवा बारीक करा, आणि मध्ये बोलू नका. गोष्ट माझ्या साडूची आहे. तो थापा मारणाऱ्यातला नाही, तेवढं डोकंच नाही त्याला.

काम त्याचं भिंती तपासायचं. टेकडी कापून इमारत उभी केली की मागे भिंत घालतात, आणि भिंतीतून टेकडीच्या पोटात पोलादी दोर ताणून बांधतात. तो अँकर. बाहेरच्या डोक्याला जॅक लावून ओढायचं. डोकं प्लेटवरून केसभर उचललं की काट्यावर दिसेल तेवढा ताण शिल्लक. चाळीस टनांच्या आसपास हवा.

दुपारी सतरा नंबर अडचणीच्या कोपऱ्यात आला. ह्याने अंग चोरलं, न मोजताच एकोणचाळीस लिहिले. रात्री घास उतरेना. वर चोवीस बिऱ्हाडं झोपलेली, आणि सकाळी रिपोर्ट जायचा. नोव्हेंबरातला मंगळवार, अकरा वाजून दहा मिनिटं. बायकोला "आलोच" म्हणाला नि निघाला.

इमारत आणि भिंत यांच्यामधली बोळ, आडवं होऊन चालावं लागेल इतकी अरुंद. तोंडाशी लोखंडी दार, ते मागे आपोआप लागायचं, आतूनही चावीच लागायची. चावीला बायकोने लाल दोरा बांधलेला. उघडून आत गेला, जॅक लावला.

दहा. पंधरा. वीस. डोकं कुरकुरलं. एवढ्यातच उचललं तर? खोटं उघडं पडणार, लायसन्स जाणार. "असू दे," म्हणाला, दाब सोडला आणि दाराशी आला.

खिशात चावी नव्हती.

सगळे खिसे पाहिले. जमीन चाचपली. फोनला रेंज नाही. पुढे भिंत, पाठीला भिंत...

ठक. ठक. ठक.

टेकडीच्या बाजूने. आतून.

पान्याचे तीन ठोके म्हणजे 'अजून दाब'. एक म्हणजे 'थांब'. ही खूण त्याला शिकवणारा मिस्त्री हीच भिंत बांधताना गेला होता, सहा वर्षांपूर्वी.

"मिस्त्री... चुकलं माझं. जाऊ द्या मला."

...

ठक. ठक. ठक.

त्याने दाबलं. वीस. एकवीस. बावीस...

उचललं. बावीसलाच. म्हणजे दोर आत सुटत चालला होता, टेकडी कधीही सरकली असती.

ठक.

मग काही नाही. दार बडवून त्याच्या मुठी सोलल्या. पहाटे वॉचमनने उघडलं तेव्हा पहिलं वाक्य हेच बोलला, "माझा आकडा खोटा आहे, माणसं बाहेर काढा."

बिऱ्हाडं हलली. लायसन्स गेलं. त्याचं त्याला काही वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात कामगारांनी सतराचं डोकं उतरवलं, बांधल्यापासून पहिल्यांदाच. खाली प्लेटला गंजून चिकटलेली एक चावी निघाली, कागदासारखी चपटी. दोरा अजून लाल होता.