शिंप्याची पुडी

शिंप्याच्या पोटात विष सापडलं नाही. वैद्यांच्या बरणीतली पूडही शुद्ध निघाली. नुसती वाटलेली मुळी, दुसरं काही नाही.

औषध निरीक्षक बाईंनी अहवाल दोनदा वाचला. म्हातारा शिंपी शुक्रवारी गेला. पूड बाधली, अशी तक्रार त्याच्या लेकीनं केली, म्हणून शनिवारी बाईंनी वैद्यांच्या दुकानाला सील ठोकलं. आज मंगळवार. आणि हाती भोपळा.

अहवाल कळताच लेकीनं रोख बदलला. "मग भावजयीनंच काहीतरी घातलं असणार," ती फोनवर म्हणाली.

बाई शिंप्याच्या घरी गेल्या. सुनेनं दार उघडलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. खुंटीवर म्हाताऱ्यानं स्वतः शिवलेला सदरा होता, दोन्ही बाजूंची शिवण उसवून सैल केलेला.

"जाड झाले होते?"

"हातपाय काड्यांसारखे, पण पोट सुटलं आणि चेहरा चंद्रासारखा गोल. जरा धक्का लागला की कातडीवर काळंनिळं."

"पूड किती दिवस घेत होते?"

"वर्ष झालं. बोटं आखडायची हो त्यांची. पूड सुरू केली आणि आठवड्यात सुईत दोरा ओवला बाबांनी! पोरासारखे नाचले."

"शेवटची कधी घेतली?"

सून आत वळली. मग फळीवरच्या डब्यामागून तिनं एक कागदी पुडी काढली.

"ते गेले त्याच्या आधीच्या रविवारीच लपवली मी. ते काळेनिळे डाग बघवेनात. वाटलं, बंद केली की उतरेल सगळं. मंगळवारी त्यांना ताप आला. मग उलट्या, चक्कर. शुक्रवारी..."

पुडीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: एक दिवसही चुकवू नये. बंद करायचीच झाली तर महिनाभर थोडी थोडी कमी करावी.

बाईंनी ते वाचलं. पुडी घेऊन त्या तडक प्रयोगशाळेत गेल्या. "विष शोधू नका. स्टिरॉइड शोधा," त्यांनी सांगितलं.

बुधवारी दुपारी वैद्य आणि त्यांचा धाकटा भाऊ कचेरीत समोर बसले होते. सूनही होती. वैद्य सत्तरीचे, मुळी घासून घासून नखं पिवळी पडलेले. धाकटा आधी दवाखान्यात कंपाउंडर होता. आता दुकानात पुड्या बांधायचा.

"वैद्यबुवा, तुमची पूड अचानक सोडली तर काय होतं?"

"काय व्हायचंय? मुळीच ती. झोप लागते, थोडी ताकद येते, तीही सावकाश. सोडली तर सोडली."

"आठ दिवसांत आखडलेली बोटं मोकळी होतात?"

"छे! तसं सांगणारा वैद्य थापाड्या समजा."

"मग हे कुणी लिहिलं?"

वैद्यांनी पुडी डोळ्यांजवळ नेली. मग सावकाश मान वळवून भावाकडे पाहिलं. "हे तुझं अक्षर आहे."

धाकटा खुर्ची मागे सरकवू लागला.

"बरणीतली पूड शुद्ध होती," बाई म्हणाल्या. "पुडी बांधताना मात्र तिच्यात स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्या होत्या. त्यानं दुखणं झटक्यात दबतं. चेहरा सुजतो, कातडी फाटायला येते. आणि वर्षभर बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं सोडून देतं. मग एकदम थांबलं आणि त्यात ताप आला, तर माणूस कोसळतो. आम्ही सगळे पोटात काय गेलं ते शोधत होतो. मारलं ते जे गेलं नाही त्यानं. मुळी सोडायला महिना लागत नाही. स्टिरॉइड सोडायला लागतो, हे ज्याला ठाऊक होतं, त्यानंच ते मिसळलं."

"दादाच्या औषधाला गुण यायचा नाही!" धाकटा ओरडला. "लोक पाठ फिरवायचे. मी लोकांना बरं केलं! लिहून दिलं होतं ना चुकवू नका म्हणून!"

वैद्यांनी हात उचलला, पण तो तसाच खाली पडला.

"मॅडम," सून कसंबसं म्हणाली, "मी पुडी लपवली नसती, तर?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "तर कदाचित ते आज असते," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही त्यांना जपायला गेलात. त्यात काय आहे, ते यानं तुमच्यापासून लपवलं."

सुनेनं पदर तोंडात कोंबला.

बाई धाकट्याकडे वळल्या. "अशा पुड्या आणखी किती जण घेतात?"

धाकट्यानं खिशावर हात दाबला.

"शनिवारपासून दुकान बंद आहे. मी बंद केलंय. पाच दिवस त्यांना पुडी मिळालेली नाही. किती जण?"

"एक्केचाळीस," तो पुटपुटला. नावं त्याच्या खिशातल्या वहीत होती.

वही दोघांत फाडली. अर्धे फोन बाईंनी लावले, अर्धे वैद्यांनी. "माझ्या दुकानाच्या पुडीत भेसळ होती," वैद्य प्रत्येकाला स्वतःच्या तोंडानं सांगत होते. "आत्ताच्या आत्ता इस्पितळात जा. पुडी दाखवा." काही जण शिव्या देत होते. ते ऐकून घेत, पुढचा आकडा फिरवत होते.

बाईंचा शेवटचा फोन एका लेकानं उचलला. "आई झोपलीय. कालपासून झोपूनच आहे."

"उठवा तिला. मी थांबते."

पलीकडून हाक ऐकू आली. एकदा, दोनदा. तिसरी हाक फाटलेल्या आवाजात.

मग पलंग करकरला आणि अगदी क्षीण आवाज आला, "काय रे?"

"पत्ता सांगा," बाई म्हणाल्या. "गाडी पाठवते."