फलाटावरची माणसं गेली कुठं?

नवं कोरं छप्पर जुनं करायचं म्हणजे काही खायचं काम नाही. डिंक्याने मालधक्क्याच्या पुठ्ठ्याच्या पत्र्यांवर विटकरी रंग फासला, त्यावर खडूची पूड चोळली आणि जोरात फुंकर मारली. पूड उडाली ती थेट ताईच्या डोळ्यांत.

"अरे, गंज छपराला चढवायचाय, मला नाही," ताई डोळे चोळत म्हणाली.

"तुला आधीच चढलाय," डिंक्या म्हणाला आणि पाठीत धपाटा बसायच्या आत बाजूला सरकला.

सुट्टी लागली की ताई, डिंक्या आणि धाकटी टिकली ही भावंडं आजोबांकडे येत आणि मग त्यांना खाण्यापिण्याचीही शुद्ध नसे. आजोबांच्या माडीवर एक आख्खं रेल्वे स्टेशन होतं! आजोबांनी ज्या स्टेशनात उभा जन्म तिकिटं विकली, ते केव्हाच बंद पडलं होतं. इमारतही पाडली होती. तेच स्टेशन आजोबा एका लांबरुंद टेबलावर आठवून आठवून पुन्हा उभं करत होते. तारेला स्पंजचे तुकडे लावून झाडं केली होती, लाकडाचा भुसा हिरवा रंगवून डोंगरावर गवत पसरलं होतं. फक्त स्टेशनच्या इमारतीला मागची भिंत नव्हती. मुलं दर सुट्टीत विचारायची, "आजोबा, ही भिंत कधी लावायची?" आणि आजोबा दर सुट्टीत म्हणायचे, "राहू दे रे, घाई काय आहे?"

काल आजोबा डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते. बाबा त्यांच्या सोबत होते. जाताना आजोबा म्हणाले होते, "छप्पर तेवढं पुरं करा. दोन वर्षं झाली, सगळं धुक्यातून बघतोय. पट्टी निघाली की आधी माझं स्टेशन बघणार." पट्टी आज निघणार होती. आजोबा संध्याकाळी घरी येणार होते.

रंगाचा वास नको म्हणून मुलं काल दुपारपासून गच्चीवरच काम करत होती. छप्पर वाळल्यावर मालधक्का तळहातावर घेऊन वरात माडीवर आली. सगळ्यांत पुढे होती टिकली. ती दारातच थबकली.

"ताई, फलाटावर कुणीच नाही."

खरंच नव्हतं. हमाल नव्हता, चहावाला नव्हता, पेपर वाचणारे जाडे गृहस्थ नव्हते. आणि आजीही नव्हती!

तीन वर्षांपूर्वी आजी गेली, तेव्हा आजोबांनी काडी तासून बोटाच्या पेराएवढी आजी केली होती. निळे कपडे, हातात मिटलेली लाल छत्री. टेबलावर रूळही नव्हते तेव्हापासून ती तिथे होती. आजोबा माणसांना डिंक लावत नसत. "माणसं हलती-फिरती हवीत," असं म्हणून ते त्यांच्या जागा बदलायचे. आजीला मात्र त्यांनी कधी हलवलं नव्हतं.

"आजोबा येऊन आधी तिलाच शोधणार," डिंक्या हळूच म्हणाला. त्याची थट्टा कुठल्या कुठे पळाली होती.

तिघं धावत खाली काकांकडे गेली. काका आजोबांजवळच राहायचे आणि त्यांना नाना म्हणायचे. ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "मी तिथल्या एकाही वस्तूला हात लावलेला नाही. शप्पथ."

काका खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. मुलं पुन्हा वर आली.

"उंदीर असणार," डिंक्या म्हणाला.

"उंदीर लाकडाची माणसं कशाला पळवेल?" ताई म्हणाली. "आणि बिस्किटाचा चुरा कुठे गेला? काल सकाळी तू इथेच खात होतास." ती टेबलाभोवती फिरली. "इंजिन आहे. पाण्याची टाकी आहे. जड ते राहिलंय आणि हलकं तेवढं गेलंय."

टिकली डोंगराला नाक लावून बसली होती. "आणि डोंगराचा कुणीतरी भांग पाडलाय," ती म्हणाली.

गवताच्या भुशात शेजारी शेजारी सरळ पट्टे उठले होते. प्रत्येक पट्टा चार बोटं रुंद. ताई त्या पट्ट्यांकडे बघत राहिली आणि मग एकदम हसली. "डिंक्या, उरलेला भुसा आण. सगळा."

पाचच मिनिटांत काकांच्या खोलीबाहेर हिरवागार भुसा सांडला आणि ताईने भोळ्या आवाजात हाक मारली, "काका, जरा घोटाळा झाला हो."

काका बाहेर आले, कपाळाला हात लावला आणि आत जाऊन त्यांचं नवं, लाडकं, धूळ ओढणारं मशीन घेऊन आले. ते घेतल्यापासून त्यांना घरात धुळीचा कण खपत नव्हता. घर्रर्र! भुशातून मशीनचं तोंड फिरलं आणि मागे पट्टा उमटला. ताईने बोटं टेकवली. बरोबर चार!

"काका, काल हे माडीवर गेलं होतं ना?"

"मग? डॉक्टरांनी बजावलंय, नानांच्या डोळ्यांत धूळ जाता कामा नये. टेबलावर ही धूळ होती! सगळं साफ केलं, आणि तेही कशाला हात न लावता." बोलता बोलता काकांचा आवाज बारीक होत गेला. त्यांनी मुलांकडे बघितलं, मग मशीनकडे बघितलं. "अरे देवा," ते म्हणाले.

अंगणात जुनी वर्तमानपत्रं पसरली. मशीनची पिशवी फाडली आणि स्वयंपाकघरातल्या चहाच्या गाळणीने सगळा कचरा गाळायला घेतला. केसांच्या गुंत्यातून हमाल निघाला. चहावाला निघाला. जाडे गृहस्थ पेपरासकट सापडले. पिशवी संपली, तरी आजी निघाली नाही.

काकांनी कचरा दोनदा हातांनी चिवडला. मग ते पायरीवर मटकन बसले. "माझ्याच हातून आई गेली रे," ते म्हणाले. एवढ्या मोठ्या काकांचे डोळे भरलेले मुलांनी पहिल्यांदाच पाहिले.

टिकली विचारात पडली होती. "आजीकडे छत्री आहे ना? मग ती नळीत अडकली असेल."

डिंक्याने झाडांची तार आणली, टोकाला आकडा वळवला आणि श्वास रोखून नळीत घातला. दोनदा तार रिकामी आली. तिसऱ्यांदा तारेच्या टोकाला आधी लाल छत्री आली आणि छत्रीच्या मागोमाग धुळीने माखलेली आजी आली. डिंक्याने तिला रंगाच्या मऊ ब्रशने पुसलं. छत्री जराशी वाकली होती, बाकी आजी ठणठणीत होती.

माडीवर बाकीची माणसं पटापट उभी राहिली, पण आजीपाशी भांडण जुंपलं. उन्हाने फलाटाचा रंग उडाला होता आणि एकाच जागी दोन पावलांची गडद खूण राहिली होती. पावलांची टोकं रुळांकडे नव्हती, तिकिटाच्या खिडकीकडे होती.

"गाडीकडे पाठ करून कुणी उभं राहतं का?" डिंक्या म्हणाला. "खूण चुकलीये."

"खूण कशी चुकेल? आजोबांनी कधी हलवलंच नाही तिला," टिकली हट्टाने म्हणाली.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. ताईने पटकन आजीला खुणेवर ठेवलं. तोंड खिडकीकडे!

आजोबा जिना चढून आले, ते कपडेही न बदलता. काळा चष्मा वर करून त्यांनी छपरावर बोट फिरवलं. "अस्सल गंज," ते म्हणाले. मग नजर फलाटावर गेली आणि ते आजीपाशी वाकले.

"हिची छत्री वाकली कशी?"

काकांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. मुलांनी काय काय केलं तेही सांगितलं.

"पण ही अशीच उभी असायची, हे कुणी ओळखलं?"

"खूण होती," टिकली घाबरत म्हणाली. "चुकलं का?"

आजोबांनी तिला जवळ ओढलं. "नाही गं. मोठमोठ्यांना जमलं नसतं ते केलंत तिघांनी. रोज शेवटची गाडी गेली की मी खिडकी बंद करायचो आणि आम्ही बरोबर घरी जायचो. ती आधीच येऊन उभी राहायची. गाडीकडे तिने कधी बघितलंही नाही. तिला कुठे जायचंच नव्हतं."

मग ते टेबलाच्या पलीकडे गेले, गुडघे टेकून बसले आणि भिंत नसलेल्या बाजूने स्टेशनात डोकावले. समोर तिकिटाची इवलीशी खिडकी होती आणि खिडकीपलीकडे छत्री घेतलेली आजी उभी होती.

"दिसते," आजोबा म्हणाले. "दोन वर्षांनी दिसते आहे."

त्यांनी मुलांना एकेक करून तिथे बसवलं आणि खिडकीतून बघायला लावलं. सगळ्यांत शेवटी काका वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.