उत्कर्षाच्या नाकाचा नकाशा

कपातला चहा उत्कर्षाच्या ओठांपर्यंत पोहोचेना. डाव्या नाकपुडीवरच्या पट्टीचा फुगवटा एवढा होता, की कपाची कड दर वेळी तिथेच अडत होती. वाशीच्या रुग्णालयातल्या त्या बाकावर तिने पुन्हा एकदा मान वाकडी करून पाहिली आणि ओढणीवर चहा सांडून घेतला.

"बशीतून घ्या," शेजारून आवाज आला. "कप काही ऐकणार नाही."

मनगटावर वंगणाचा न निघणारा डाग असलेला एक तरुण बशी पुढे करत होता. त्याच्या पलीकडे, कपाळाला तशीच पट्टी बांधून, त्याची आई वेणूबाई बसली होती.

"घे बाई, घे," त्या म्हणाल्या. "घरी पानी मागितलं तर ह्यो इश्वजित पेपर खाली ठेवीत न्हाई. आन् आज बघ, कसा बशी धरून उभा ऱ्हायलाय!"

"आई...!"

उत्कर्षाला हसू फुटले आणि पट्टीखाली बारीक कळ उठली. "हसवू नका हो — डॉक्टरांनी मनाई केलीय."

"मग गंभीर विषय काढू. चहात साखर कमी आहे, नाही?"

कितीतरी दिवसांनी तिच्याशी कुणी आजाराखेरीज काही बोलत होते.

नाकपुडीवरच्या न भरणाऱ्या फोडासाठी दोन वर्षे सगळ्यांनी चमकीला दोष दिला होता. चांदी मानवत नाही म्हणून सोन्याची घातली, सोने मानवेना म्हणून कडुनिंबाची काडी. खपली धरे, गळून पडे, पुन्हा रक्त येई. सानपाड्याच्या शाळेत भूगोल शिकवणारी ही मुलगी अखेर तपासणीला गेली, तेव्हा निघाला त्वचेचा कर्करोग. हा प्रकार सहसा दूर पसरत नाही, डॉक्टरीणबाईंनी समजावले होते, पण आहे तिथे मुळे धरतो. म्हणून तो टप्प्याटप्प्याने काढायचा. जागेपुरती भूल द्यायची, पातळ थर काढायचा, त्याच्या कडांना रंग लावायचे आणि कागदावर काढलेल्या नाकाच्या नकाशावर तशाच खुणा करायच्या. तो थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासून होईपर्यंत जखम न शिवता नुसती पट्टी. रोग शिल्लक दिसला, तर नकाशा बघून तेवढ्याच जागी पुन्हा एक थर.

"असे किती थर?"

"ते तुमची त्वचाच सांगेल," बाई म्हणाल्या होत्या.

तीन दिवसांनी दोघींचे अहवाल आले. वेणूबाईंच्या कडा स्वच्छ निघाल्या; त्यांना टाके घालायला आत नेले. उत्कर्षाच्या नकाशावर मात्र खाली, नाकपुडीच्या अगदी काठाशी, लाल पेन्सिलीची बारीक रेघ होती; तिथे रोग शिल्लक होता.

तिने पर्स उचलली. "मी घरी जाते."

विश्वजित उठून उभा राहिला. पण वाटेत आला नाही.

"तो काठच गेला तर?" ती म्हणाली. "काय ते एकदाच का कापत नाहीत? असं थोडं थोडं... जीव टांगणीला लावून..."

त्याने धीर दिला नाही. तो म्हणाला, "तुर्भ्याला मी कारखान्याच्या टूलरूममध्ये आहे. लोखंडाचा पृष्ठभाग सपाट करायचा, तर सपाट पाटाला निळा रंग फासतो आणि त्यावर तो घासतो. जिथे निळं लागेल तेवढाच उंचवटा खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवड. घाई केली, तर चांगलं लोखंडही जातं."

"खरवडताना भीती वाटते?"

"दर वेळी. गेलेलं परत लावता येत नाही ना! तुमच्या डॉक्टरही घाबरत असणार... म्हणून तर इतक्या हळू जातायत."

"म्हणजे मी लोखंड?"

"चांगलं लोखंड," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

उत्कर्षा आत गेली. सुई गांधीलमाशीसारखी झोंबली. मग नाक जणू कुणा दुसऱ्याचे झाले. कात्रीची कुजबुज ऐकू आली, रक्त थांबवताना जळका वास आला. वेदना मात्र नव्हती.

पुढच्या अहवालाच्या दिवशी वेणूबाईही टाके दाखवायला आल्या होत्या. या वेळी नकाशावर लाल रेघ नव्हती.

"संपलं," बाई हसल्या. "शिवण्याआधी बघायचंय?"

उत्कर्षाने आरसा घेतला. किळस येईल असे तिला वाटले होते. पण ती बघतच राहिली. बोटाचे टोक मावेल एवढा खळगा — लाल, ओला, जिवंत! आणि त्याच्या खाली, तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीचा, नाकपुडीचा काठ अखंड उभा. पृथ्वीच्या पोटातले थर तिने मुलांना फळ्यावर कितीदा काढून दाखवले होते. आपल्याच चेहऱ्याखाली एवढे नांदत असेल, याची तिला कल्पनाही नव्हती. आणि त्यातून कुणी इतक्या जपून, वाट चुकू न देता गेले होते... तिचे डोळे भरून आले.

"बाहेर विश्वजित म्हणून आहेत," ती म्हणाली. "त्यांना बोलवाल?"

"नातेवाईक?"

"अजून नाही," ती बोलून गेली, आणि तिने जीभ चावली.

मुखपट्टी बांधून तो दारापाशी आला. आता तिने आरशात पाहिले नाही. त्याच्या डोळ्यांत पाहिले. ते हलले नाहीत. गाभाऱ्यासमोर माणूस उभा राहतो, तसा तो उभा होता.

"काठ राहिला," तो पुटपुटला.

"राहिला."

"गालाची त्वचा ओढून इथे शिवते आता," बाईंनी हातमोजे चढवले. "डोळ्याखाली सूज येईल, काळंनिळं होईल. व्रण आधी लाल दिसेल, मग हळूहळू फिकट होत जाईल. वर्षभर तरी लागेल."

"आईचं तर आज संपलं," तो चाचरत म्हणाला. "इथे यायला मला आता कारण उरलं नाही. एखादं... द्याल?"

उत्कर्षाने डोळे मिटले.

"व्रण फिकट होतोय की नाही, हे कुणीतरी बघून सांगायला हवं," ती हळूच म्हणाली. "माझा आरशावर विश्वास नाही."

"रोज?"

"रोज."

"बोलणं बंद," बाई म्हणाल्या. "नाक हलतंय."