भरलेली बाही

ए, फोन ठेव बाजूला आणि फक्त ऐक.

मध्ये बोलायचं नाही. आणि हसलास तर उठून जाईन, आधीच सांगून ठेवते.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, तुला ठाऊक आहे. पण हे माझ्या मावसबहिणीसोबत घडलंय. ताईसोबत. ती थापा मारणाऱ्यातली नाही. उलट तिच्या पोटातून हे काढून घेताना माझ्या नाकी नऊ आले.

आणि रात्रबित्र नव्हती रे. भर दुपार होती. बाहेर मैदानात पोरं आरडाओरडा करत होती.

तरीही...

ताई नाटकांचे कपडे शिवते, हे तुला माहितीये. डावखुरी आहे. त्या डाव्या हातात कात्री आली की बघत राहावं. तिचं घर त्या हातावर चालतं.

तर आपल्या इथल्या म्हाताऱ्या सैनिकांनी ठरवलं, त्या जुन्या लढाईतल्या माणसांसाठी एक संग्रहालय करायचं. बोलणं वर्षानुवर्षं चालू होतं आणि एकेक जण जात होता. शेवटी उरलेल्यांनी कंबर कसली. पाणीपुरवठ्याची बंद पडलेली कचेरी मिळाली. घराघरांतून वस्तू आल्या. जेवणाचे डबे, बूट, दुर्बिणी.

आणि कोट.

घडी घालून ठेवला की कोट नुसतं कापड दिसतो. म्हणून ताईला बोलावलं. प्रत्येक कोटाच्या मापाचं एक धड बनवायचं, बिनडोक्याचं. आत कापूस भरायचा. कोट असा दिसला पाहिजे, जणू माणूस आत्ताच आत शिरलाय.

सगळा कारभार कप्तानांकडे. कप्तान हे आपलं म्हणायला हं! लढाईत ते स्वयंपाकी होते.

"नाटकातले राजे बरे की आमचे शिपाई?" ते ताईला चिडवायचे.

"तुमचे बरे. माप घेताना पोट आत ओढत नाहीत!"

छान चाललं होतं.

मग तो कोट आला.

एक बाई पत्र्याच्या पेटीतून घेऊन आल्या. त्यांच्या वडिलांचा. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांच्या गावच्या संचलनाला दरवर्षी ते हाच घालून जायचे म्हणे. बाई घाईत होत्या. पेटी ठेवली आणि गेल्या.

ताईने कोट बाहेर काढला. डावी बाही कोपरापासून वर दुमडलेली होती. तिला मोठी सेफ्टी पिन. गंजलेली.

ताईला वाटलं, पेटीत मावावा म्हणून दुमडलाय. आणि तिचा नियम ठरलेला. जुन्या कापडावर लोखंड दिसलं की आधी काढायचं, नाहीतर गंज कापड खातो.

तिने पिन काढली.

बाही सोडली, वाफ दिली, सुरकुत्या घालवल्या. मग दोन्ही बाह्यांत कापूस ठासून भरला. कोट असला रुबाबात उभा राहिला!

तुझ्या लक्षात आलं ना?

तिच्या नाही आलं.

दुपारी ती जेवायला गेली. अस्तराला टाके घालायचे राहिले होते, म्हणून कोटाची बटणं उघडीच ठेवली होती.

परत आली, तर बटणं लागलेली...

सगळी. गळ्यापर्यंत.

"कप्तान, बटणं तुम्ही लावलीत?"

"मी? अगं, माझीच खालीवर होतात. बघ की!"

खरंच झाली होती. ताई हसली. बटणं उघडली आणि कामाला लागली.

तेव्हा तिच्या हातून सुई पडली. डावी करंगळी बधिर झाली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बटणं लागलेली. आणि बधिरपणा तळव्यापर्यंत.

डॉक्टर म्हणाले, "शिरा ठीक, हाडं ठीक. विश्रांती घ्या." उद्घाटन दोन दिवसांवर, विश्रांती कुठली घेणार!

मग कोट काचेच्या कपाटात गेला. ताईने मुद्दाम बटणं उघडी सोडली. कुलूप लावलं. किल्ली गळ्यात अडकवली. दिवे कसे दिसतात ते बघायला खिडक्यांवर काळं कापड टाकलं आणि कोटाकडे पाठ करून दुसऱ्या कपाटाचे दिवे लावायला लागली.

बाहेर पोरांचा गलका.

आत...

खस्स्.

कापडावर कापड घासल्यासारखं.

ती थांबली. आवाजही थांबला.

मग पुन्हा. खस्स्... टक्.

वळून बघायची हिंमत होईना. पण वळली.

वरची दोन बटणं लागली होती.

आणि काचेवर, आतल्या बाजूने, वाफेचा एक ठसा होता. पंजाचा. डाव्या पंजाचा. तिच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू विरून गेला.

तिच्या स्वतःच्या मनगटापर्यंत आता काहीही जाणवत नव्हतं. तिने उजव्या हाताने चिमटा काढला. जणू दुसऱ्याच कुणाला काढला.

तेवढ्यात दार वाजलं. किंचाळलीच ती!

त्याच बाई होत्या. गर्दी व्हायच्या आत वडिलांचा कोट बघायचा होता म्हणून आल्या होत्या. कौतुकाने कपाटापुढे गेल्या...

आणि पांढऱ्याफटक पडल्या.

"हा हात कुणाचा?"

"म्हणजे?"

"अहो, बाबांचा डावा हात लढाईतच गेला होता. कोपराखाली काही नव्हतंच. बाही दुमडून आई पिन लावायची. आमच्या सगळ्या गावाला माहीत होतं, मला वाटलं तुम्हालाही..."

कप्तान वेगळ्या तुकडीतले, वेगळ्या गावचे, त्यांनाही कुठून माहीत असणार?

बाईंची नजर बटणांवर गेली.

"तुम्ही लावलीत?"

ताईने नुसती मान हलवली. नाही.

बाई खाली स्टुलावर बसल्या. हळूच म्हणाल्या, "बटणं आई लावून द्यायची. आई गेल्यावर मी. तेवढा वेळ बाबा भिंतीकडे बघत उभे राहायचे. एक शब्द नाही. फार लाज वाटायची हो त्यांना."

ताईने किल्ली काढली. डोक्यात एकच होतं, चूक झाली, ती दुरुस्त करायची. कापूस काढायचा, बाही होती तशी दुमडायची. पिन तिच्या डब्यात होतीच.

कपाट उघडलं. उजव्या हाताने तिने बाही धरली...

गरम होती.

ती कापसाला हात घालणार, तोच बाही कोपरात वाकली. आणि तिच्या मनगटाभोवती पाच बोटं आली.

दिसत नव्हती. पण एकेक बोट तिला मोजता येत होतं.

आणि ऐक, घट्ट नव्हती ती पकड. ताई म्हणते, घट्ट असती तर झटकून पळाले असते. आपण कुणाच्या पाया पडावं ना, तशी होती. विनवणी केल्यासारखी.

बाईंनी बाही वाकताना पाहिली होती. त्या धावत आल्या, ताईचा खांदा धरला आणि हमसून हमसून रडायला लागल्या.

"राहू दे गं. त्यांना राहू दे तो हात."

"आणि माझा हात?" ताई म्हणाली.

बाईंनी तिचा उजवा हात अलगद सोडवला आणि कपाटाचं दार लोटलं.

उद्घाटन झोकात झालं. कप्तानांचे डोळे भरून आले. काठीवर वाकलेले म्हातारे एकेका कोटापुढे ताठ उभे राहिले. तो कोटही तिथेच आहे, दोन्ही बाह्यांसकट. जाऊन बघ हवं तर. त्या बाई येतात, कपाट उघडून घेतात, बटणं सोडतात आणि घरी जातात. पुढच्या खेपेला ती लागलेली असतात.

ताईचा हात आता कोपरापर्यंत गेलाय. उजव्या हाताने कापायला शिकतेय, पण कात्री भलतीकडेच जाते. नाटकवाल्यांनी दुसरा शिंपी बघितलाय. ती पिन घेऊन दोनदा तिथवर गेली. दोन्ही वेळा कोटापुढे उभी राहिली आणि तशीच परत आली.

काल आमच्याकडे आली होती. निघताना गारठा होता. जिन्यात थांबली आणि म्हणाली, "स्वेटरची बटणं लाव ना जरा."

मी लावली.

तेवढा वेळ ती भिंतीकडे बघत होती...

पिन अजून तिच्या डब्यात आहे. सांग ना. तू काय केलं असतंस?