एका भिंतीची घरं

शेअर रिक्षा सिडको चौकातून निघाली तेव्हाच अंबिकाला वाटलं होतं, आज काहीतरी मोडणार. मागं तिघांच्या जागेत चौघं कोंबलेले, आणि तिच्या मांडीवर पुठ्ठ्याचं भलंमोठं खोकं. ओढणी खांद्यावरून घसरली तरी तिनं हात सोडले नव्हते. आकाशवाणीपाशी रिक्षावाल्यानं कचकन ब्रेक दाबला, खोकं पुढं सरकलं… आणि शेजारी बसलेल्या मुलाचा हात अलगद खोक्याखाली गेला.

"केक आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही… घरं आहेत."

"व्हय? किती बीएचके?"

रिक्षातल्या अनोळखी माणसाशी अंबिका कधी बोलत नसे. पण त्याचा हात अजून खोक्याखालीच होता, आणि तो काढा म्हणावं असं तिला वाटत नव्हतं. त्यात दिवाळी होऊन गेल्यावरचा तो अवेळी पाऊस भुरभुर आत यायला लागला. त्यानं काही न विचारता आपलं जॅकेट काढून खोक्यावर पांघरलं. मग तिनंच एक कोपरा उचलून दाखवलं. एका ओळीत चार घरं, दोन घरांमध्ये एकच भिंत, उतरती छपरं, प्रत्येकावर धुराडं. सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या पुठ्ठ्यावर, बोथट पेन दाबून एकेक वीट उठवलेली. दार अंगठ्याहून जरासंच उंच.

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तिसरं घर कललंय."

"घर सरळ आहे. रिक्षा वाकडी आहे."

"मग रिक्षा थांबली की बघू."

क्रांती चौकात रिक्षा थांबली. त्यानं एक डोळा मिटून पाहिलं, तिनंही पाहिलं. घर खरंच कललं होतं. तो नुसता हसला. अंबिकाला राग आला, आणि उस्मानपुऱ्यापर्यंत तेच हसू डोळ्यांसमोरून जाईना.

त्याचं नाव सत्यम. वाळूजच्या एका कारखान्यात तयार झालेल्या भागांची मापं तपासायचं त्याचं काम, त्यामुळं कललेलं काही दिसलं की त्याला राहवत नसे. गाव सिल्लोडकडचं, बजाजनगरात मित्रांबरोबर खोली. पाऊस वाढला म्हणून खोकं त्यानंच अभयच्या दारापर्यंत पोचवलं.

अभय आणि अंबिका एकाच इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढत. रविवारी अभयच्या घरी चार-पाच मित्र जमत आणि टेबलावर लढाई खेळत. बोटाएवढे रंगवलेले सैनिक, फासे, अंतर मोजायला टेप. युरोपातल्या जुन्या युद्धातलं एखादं गाव धरायचं आणि गल्लीगल्लीतून लढायचं. अंबिका एकदा सहज गेली तर घरं म्हणून तिथं जाडजूड पुस्तकं उभी केलेली. लढाईत तिला रस नव्हता, पण ती पुस्तकं काही बघवेनात. तेव्हापासून घरं करायचं काम तिनं अंगावर घेतलं. प्रत्येक घराचं छप्पर उचलता यायचं, म्हणजे आत सैनिक लपवता येत.

त्या दिवशी सत्यम खेळ बघायला थांबला. पुढच्या रविवारीही आला. मग कटर कसा धरायचा, सनबोर्डचा वरचा कागद कसा सोलायचा, हे अंबिका त्याला शिकवू लागली. पुण्याहून काही खेळाडू जानेवारीत येणार होते आणि त्यांच्यासाठी अख्खी गल्ली उभी करायची होती. एकदा मदत म्हणून सत्यमनं थर्माकोलच्या धुराड्यांवर स्प्रेचा रंग मारला. बघता बघता धुराडी आक्रसून, वितळून गेली. तो डबा हातात धरून उभाच राहिला.

"आठवडाभराचं काम होतं ना हे?" त्यानं हळूच विचारलं.

"हो."

"बोल की काहीतरी. शिव्या दे."

पण त्याचा चेहरा बघून अंबिकाला हसू फुटलं, मग त्यालाही. नवी धुराडी दोघांनी मिळून आइस्क्रीमच्या काड्यांची केली. काडी चिकटेपर्यंत दोन बाजूंनी दोघांची बोटं टेकलेली असत, आणि काडी चिकटली तरी कुणी बोट आधी काढत नसे.

तो दादाबद्दल फार बोलायचा. वडील लवकर गेले, मग दादानं शाळा सोडली, मेंढरं सांभाळली, शेत केलं आणि याला डिप्लोमाला घातलं. याची नोकरी लागेपर्यंत लग्नाचं नाव काढलं नाही. "दादा नसता तर मी आज मेंढरांमागं असतो," तो म्हणायचा. अंबिका ऐकत राहायची. आडनाव मात्र तिनं कधी विचारलं नाही. विचारलं तर आपण पुढचा विचार करतोय असं त्याला वाटेल… आणि समजा, तो करत नसला तर? ती तशीच होती. बाहेर पडताना गॅस दोनदा बघायची, पाठवलेला मेसेज तीनदा वाचायची.

मग एका रविवारी सत्यम आला नाही. तिनं मेसेज टाकला. त्यानं वाचला, उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारीही तेच. फोन लावला तर वाजून वाजून बंद झाला.

आपलं काय चुकलं, हे ती आठवून आठवून थकली. मागच्या वेळी निघताना त्यानं विचारलं होतं, असं घर खरंच असलं तर कुठलं घेशील, आणि ती म्हणाली होती, कडेचं, एका बाजूनं तरी उजेड येतो. त्यात काय चुकलं? की बोट लवकर काढलं आपण? की फार वेळ ठेवलं? गल्लीतली शेवटची घरं ती एकटीच घरी करू लागली, आणि रोज एखादी भिंत चुकीची कापू लागली.

त्याच दिवसांत मामांनी स्थळ आणलं; तिचा फोटो त्यांनी आधीच तिकडं दाखवला होता. आपल्यातलंच, सिल्लोडकडचं, मुलगा शेती करतो, शेळ्यामेंढ्यांचा मोठा गोठा आहे. आईनं, सुरेखाबाईंनी, फोटो पुढं धरला तेव्हा अंबिकानं धड बघितलाही नाही. नाही म्हणायला तिच्याजवळ कारण काय होतं? फोन न उचलणारा एक मुलगा?

पाहुणे आले. अंबिका पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, सगळ्यांना नमस्कार केला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीकडं वळली… खुर्चीत सत्यम बसला होता. मान खाली, नजर फरशीवर. मामा ओळख करून देत होते. हा मुलगा बिभीषण, या त्याच्या आई बानाबाई, आणि हा धाकटा.

ट्रे तिच्या हातून पडला नाही, एवढंच.

मग कुणीतरी म्हणालं, दोघांना जरा बोलू द्या. मागच्या खोलीत टेबलावर अर्धवट घरं मांडलेली होती. बिभीषण त्यांच्यावर वाकला. उन्हानं रापलेला, शांत माणूस. नव्या शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. त्यानं एक छप्पर जपून उचललं, आत डोकावला, तसंच परत ठेवलं. दोन घरांना एकच भिंत, मग भांडणं होत नाहीत का, असं त्यानं हसत विचारलं. माणूस इतका चांगला होता की अंबिकाला रडू यायला लागलं.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "मला… दुसरा मुलगा आवडतो. तुम्ही वाईट आहात म्हणून नाही. तो… तुमचा भाऊ आहे."

बिभीषण हळूच पलंगाच्या कडेवर बसला. तोंडावरून हात फिरवला.

"त्याला ठावं हाय?"

"मी कधी बोलले नाही. तोही नाही बोलला."

"गावाकडं आला तवा त्यानं तुमचा फोटो बघितला, तवापासून त्याचं जेवण गेलंय," तो म्हणाला. "मला वाटलं, कामाचा ताण असंल."

त्यानं दारातून सत्यमला हाक मारली. सत्यम आला आणि उंबऱ्यातच थांबला.

"ह्यांना वळखतोस का?"

सत्यमनं अंबिकाकडं पाहिलं नाही. "नाय," तो म्हणाला.

आपण एकटीनंच सगळं मनात रचलं होतं की काय?

"मग मी हो म्हणू?" बिभीषणनं विचारलं.

"म्हण की."

"मी नाही म्हणतेय," अंबिका म्हणाली. आपण एवढं स्पष्ट बोललो याचं तिलाच नवल वाटलं.

सत्यम उंबऱ्यावरून आत आला. "दादा, तू माझ्यापायी शाळा सोडली. लगीन लांबवलं. हे एवढं तरी मला सोडू दे की तुझ्यासाठी."

बिभीषण उठला. चिडला नव्हता, पण आवाज जड झाला होता. "ती काय मेंढरू हाय व्हय रं, तू सोडायचं अन् मी वळायचं? आधी तिला इचार तिचं काय हाय ते." शर्टाची घडी त्यानं उगाच हातानं सरळ केली आणि तो बाहेर गेला.

खोलीत दोघंच उरले.

"मी मघाशी नाय म्हणालो…" सत्यम म्हणाला.

"ऐकलं मी."

"खोटं होतं ते. मला तू… रिक्षात घर कललंय म्हणालो ना, तेव्हापासूनच. फोन वाजला की मी हातात धरून बसायचो. उचलला असता तर सगळं बोलून गेलो असतो."

"मी रोज भिंती चुकीच्या कापत होते," ती म्हणाली. "काय चुकलं माझं, तेच कळत नव्हतं."

तो टेबलापाशी तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. बाहेरून बिभीषणचा संथ आवाज येत होता. मग बानाबाईंचं मोठ्यानं "काय?" ऐकू आलं. मामांचं खाकरणं. खुर्च्या सरकतील, चपला वाजतील, म्हणून दोघं कान देऊन उभे होते. सत्यमचा हात तिच्या हातापाशी आला आणि या वेळी मध्ये काडी नव्हती.

"भीती वाटते?" त्यानं विचारलं.

"लई."

"मलाबी."

बऱ्याच वेळानं दारात आई आली. डोळे लाल, चेहरा ओढलेला. तिनं आधी लेकीकडं पाहिलं, मग एकमेकांत गुंफलेल्या हातांकडं, मग कितीतरी वेळ सत्यमकडं. सत्यमनं हात सोडायचा प्रयत्न केला, अंबिकानं सोडू दिला नाही. पदर सावरत आई त्यालाच म्हणाली,

"परत चहा टाकतेय सगळ्यांना. तुम्ही साखर किती घेता?"

सत्यमनं अंबिकाकडं पाहिलं.

"कमी घेतो," अंबिका म्हणाली.