शीतकुंडीतला हिवाळा

सासवडच्या सातव्या मजल्यावरची गच्ची जानेवारीतच भाजून निघत होती. वत्सलाबाई कोंडे मात्र रोज दुपारी तिथं जायच्या आणि एका कुंडीला हात लावून बघायच्या. ती माठासारखी गार असायची. तळाशी गारव्याच्या नळ्या फिरवलेली ही शीतकुंडी. माती हिवाळ्यासारखी थंड ठेवायची, एवढंच तिचं काम.

हिवाळा नावापुरता उरल्यापासून लसूण पाकळ्या धरेनाशी झाली होती. थंडी लागली नाही की गड्डा फुटतच नाही, एकाच पाकळीचा, एककळी राहतो. वत्सलाबाईंच्या माहेरच्या जांभळ्या लसणीचा असा एकच गड्डा उरला होता. हा फुटला नाही तर वाणच संपणार, म्हणून कार्तिकात त्यांनी तो शीतकुंडीत लावला. कडेची रिकामी जागा त्यांना बघवेना. माहेरी लसणीच्या वाफ्याला कांद्याची कड असायचीच, तेव्हा त्यांनी सांबारातले छोटे कांदेही खोचले.

माघात उकाडा असह्य झाला. गारव्याची वीज घरटी मोजून मिळायची. कुंडीला द्या, नाहीतर खोलीला. सून ऋजुताला सातवा महिना, घामानं निथळत होती. वत्सलाबाईंनी वीज खोलीकडे वळवली.

"आई, कुंडी का बंद केलीत?" ऋजुतानं विचारलं.

"अगं, नातवंडापेक्षा लसूण मोठी का?"

"बाळंतपणात तीच चारणार होतात ना मला? चालू करा. मी ओलं फडकं घेऊन बसते."

"बरं बाई, दिवसा तुला, रात्री तिला," वत्सलाबाई म्हणाल्या.

फाल्गुनात दोघींनी कुंडी उपसली. गड्डा टपोऱ्या पाकळ्यांनी फुटला होता. वत्सलाबाईंचा आनंद गगनात मावेना. कांद्यांना मात्र डेंगळे आले होते. खाली पोसायचं सोडून ते उंच दांड्यावर फुलून बसले होते.

"थंडीनं बहकले मेले! माझी हौस नडली."

"लसूण फुटली त्याच थंडीनं?"

"त्याच."

ऋजुता पोटावर हात ठेवून पाकळ्यांकडे बघत राहिली.

"आई, याला हिवाळा कधी दिसायचाच नाही. माणूस कुणाच्या जातीचा हो, लसणीच्या की कांद्याच्या?"