नावापुढचं टिंब

सुट्टीच्या दिवशी ऑफिसात ती एकटीच होती. खोलीवर तरी कोण वाट बघत बसलं होतं? कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, कुठे अडकला हे शोधून देणाऱ्या टूलचं काम तिच्या अंगावर होतं. लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर कधीकधी एखाद्या फंक्शनची, म्हणजे कोडच्या एखाद्या तुकड्याची, छाटलेली प्रत काढतो. जे लागत नाही ते गाळतो आणि नावापुढे टिंब देऊन शेपूट चिकटवतो. टूल बिचारं मूळ नाव धरून बसायचं, हाक मात्र परस्पर प्रतीला गेलेली असायची. ती शेपटं कापायचा कोड ती लिहीत होती. शेपूट कापलं की मूळ काय नि प्रत काय, दोन्ही एकाच नावाची.

दुपार कलताना आईचा फोन आला. कित्येक महिन्यांनी.

"पोहोचलीस का गं नीट?"

"कुठे? मी सकाळपासून ऑफिसातच आहे."

आई हसली. "पुरे गं थट्टा. आत्ता तर निघालीस इथून. माझे केस विंचरलेस, पोटभर गप्पा मारल्यास... आणि बाबांचा विषय एकदासुद्धा काढला नाहीस. फार बरं वाटलं बघ."

बाबांच्या शेवटच्या दिवसांत आईने आपल्याला का कळवलं नाही, यावरून तर दोघींचं फाटलं होतं. तिने कॉम्प्युटर तसाच चालू सोडला आणि मिळेल ती बस धरली.

पोहोचली तेव्हा जिन्यात अंधार दाटला होता. आईने दार उघडलं, पण पुरतं नाही. तिचे केस खरंच चापूनचोपून विंचरलेले होते. फटीतून वास आला... ती स्वतः रोज वापरायची त्याच साबणाचा.

"परत कशाला आलीस?"

"आई, मघाशी... ती..."

आईचा चेहरा इतका निवांत तिने कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. तो निवांतपणा मोडायला जीभ रेटेना.

"काही नाही. सहज आले, तुला बघायला."

पण पाय निघेना, आणि नको तेच तोंडून गेलं. "बाबांनी शेवटी माझं नाव घेतलं होतं का गं?"

आईचा चेहरा मिटला. "उशीर झालाय. नीघ आता."

दार लागलं. ती कठडा धरून तशीच उभी राहिली. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, आणि मग आईचा... हळू, लाडातला.

"गेली गं ती. बरं झालं, तू तिच्याआधीच परत आलीस. ये तू बाहेर."